हीटरमधला गार वारा

वाईजवळच्या घाटरस्त्यावर रुक्साना मुजावर गॅरेज चालवायची. निवृत्त मुख्य अभियंता घारपुरेसाहेबांच्या जुन्या गाडीला तिनं नवा रेडिएटर बसवला, तेव्हा साहेबांनी तिला बाजूला सारून त्यात घाईघाईनं स्वतःच पाणी भरलं. "अहो, मी धरणं भरलीत, बाई!"

दुसऱ्या सकाळी ते गरजतच आले. इंजिन तापत होतं आणि हीटरमधून मात्र गार वारा येत होता. "एकही पार्ट न बदलता आत्ता नीट करा, नाहीतर गॅरेजला कुलूप लावा!"

गॅरेजमधल्या गिऱ्हाइकांसमोर अपमान झाला, तरी रुक्साना कामाला लागली. तिनं इंजिन निवू दिलं, गाडीचं तोंड चढाकडे केलं, रेडिएटरचं झाकण काढलं आणि हीटर लावून गाडी चालू केली. भराभर बुडबुडे आले, पाणी खाली गेलं. तिनं पुन्हा पाणी घालून झाकण लावलं. तापमानाचा काटा मध्यावर थांबला आणि हीटरमधून ऊब आली.

"झालं तरी काय होतं?" साहेबांनी विचारलं.

"घाईनं पाणी भरताना आत हवा शिरली होती, साहेब," रुक्साना शांतपणे म्हणाली. "हवा शिरली की डोकं तापतं, आणि जवळ बसणाऱ्याला ऊब काही मिळत नाही."

गिऱ्हाइकांनी हसू लपवायला तोंडं फिरवली. साहेब आधी लाल झाले, मग स्वतःच खो खो हसत सुटले.