सुपातल्या गुंजा

कुण्या एका डोंगरावर एक म्हातारा आणि एक म्हातारी राहत होती. मोठ्या झाडांच्या सावलीत त्यांचा लहानसा कॉफीचा मळा होता. वर्षभराचं पोट त्या मळ्यावरच होतं.

कॉफीच्या झाडांवर तांबड्या मुंग्यांनी पानं शिवून घरटी केली होती. फळं तोडायला हात घातला की त्या चावायच्या, आणि चावायच्या नेमक्या म्हातारीला. म्हाताऱ्याची कातडी जाड, त्याला काही वाटायचं नाही. पण संध्याकाळी तिच्या सुजलेल्या बोटांना खोबरेल लावताना त्याचा जीव तुटायचा.

"आता पुरे झालं," तो एकदा म्हणाला. "उद्या सगळी घरटी जाळून टाकतो."

"अहो, फळं पोखरणारे काळे भुंगेरे याच मुंग्या खातात ना? आधी खेळून तर बघू."

म्हातारीने सूप पुढे ओढलं. काळे उडीद म्हणजे भुंगेरे आणि तांबड्या गुंजा म्हणजे मुंग्या. दर डावाला प्रत्येक उडीद आपल्या जोडीला आणखी एक उडीद आणणार. प्रत्येक गुंज एक उडीद खाणार. पोट भरलं तर गुंजा वाढणार, उपाशी राहिल्या तर सुपातून जाणार.

उडीद वाढले तशा गुंजा वाढल्या. मग उडीद घटले आणि त्यांच्यामागून गुंजाही घटल्या. पण दोघांपैकी कुणीच संपलं नाही. म्हाताऱ्याने सगळ्या गुंजा काढून घेतल्या, तर उडीद सूपभर होऊन त्याच्या मांडीवर सांडायला लागले.

"बरं, मग उडीदच सगळे काढतो," म्हातारा हुशारीने म्हणाला. त्याने गुंजा परत टाकून उडीद सगळे वेचले. गुंजा उपाशी राहिल्या आणि एकेक करून गेल्या. तेवढ्यात म्हातारीने हळूच एक उडीद आत टाकला.

"हा शेजारच्या रानातून आला," ती म्हणाली. त्याला खायला सुपात कुणीच नव्हतं. बघता बघता सूप पुन्हा काळं झालं.

म्हाताऱ्याने सूप बाजूला सारलं. मग म्हणाला, "हा खेळ आहे गं. तुझे हात मात्र खरे आहेत."

म्हातारीचे डोळे भरून आले. शेवटी दोघांनी मळा वाटून घेतला. मधल्या ओहोळाच्या अलीकडची झाडं म्हाताऱ्याची, पलीकडची म्हातारीची. म्हाताऱ्याने आपल्या बाजूची घरटी त्याच दिवशी जाळली.

पुढच्या तोडणीला अलीकडची झाडं लालचुटुक फळांनी लगडली. म्हातारा खुशीत होता. त्याने एक फळ दाबून पाहिलं. टोकाला बारीक भोक आणि आत नुसता भुसा. दुसरं पाहिलं, तिसरं पाहिलं, सगळीकडे तेच. पलीकडे थोडी फळं किडली होती, बाकीची चांगली टपोरी होती. म्हातारी ती एकटीच तोडत होती, आणि तिची बोटं पुन्हा सुजली होती.

म्हातारा ओहोळाकाठी बसून रडला. "अर्धा मळा घालवला, आणि तुझे हातही वाचले नाहीत."

"अर्धा राहिलाय ना? पेज पिऊन काढू वर्ष," म्हातारी त्याच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली.

म्हाताऱ्याने आपलं जुनं धोतर फाडलं आणि तिच्यासाठी बोटांपर्यंत येणाऱ्या लांब बाह्या शिवल्या. मग पलीकडे जाऊन मुंग्यांची काही घरटी फांदीसकट उचलली आणि अलीकडच्या झाडांवर आणून बांधली. या वेळी त्याची जाड कातडीही कामाला आली नाही.

संध्याकाळी म्हातारी त्याच्या बोटांना खोबरेल लावत होती. मग दोघं सूप घेऊन बसले, उडीद त्याचे, गुंजा तिच्या. डाव रंगात आला आणि तिच्या गुंजांनी शेवटचा उडीदही उचलला. म्हाताऱ्याने आपल्या मुठीतला एक उडीद काढून परत सुपात ठेवला.

"राहू दे हा," तो म्हणाला. "नाहीतर तुझ्या गुंजा उपाशी जातील."

तात्पर्य एवढंच: आपल्या माणसाला जे टोचतं ते मुळापासून जाळायला धावू नये. त्याच्यामुळे काय टिकून आहे ते आधी बघावं, आणि आपल्या माणसासाठी बाह्या शिवाव्यात.