सांडपाण्याची टाकी मी कशी धुतली

एका गावात एक भोळा तरुण होता. होता कशाला, अजून आहे. तो मीच. नाव निवृत्ती. शाळा मी सातवीत सोडली. मास्तरांनी अडवलं नाही.

आमच्या धरणाच्या काठावर अनुसयाकाकूंनी एक कॅरव्हॅन आणून उभी केली. कॅरव्हॅन म्हणजे चाकांवरचं घर. आत पलंग, शेगडी, न्हाणी, सगळं. पाहुणे येतात, राहतात, जातात. त्यांच्या आंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी नळीतून खालच्या टाकीत पडतं. त्या टाकीला दोन चाकं असतात. ती ओढत खड्ड्यापाशी न्यायची, ओतायची, धुवायची, परत आणायची. एवढंच काम.

काकू म्हणाल्या, "आठ दिवस बघते. जमलं तर कायमचा ठेवते."

आईनं त्याच संध्याकाळी गावभर सांगितलं, निवृत्ती नोकरीला लागला. आता परत जायची सोय नव्हती.

पहिल्या दिवशी काकूंनी शिकवलं, "टाकी भरली की ओतायची. विचारत बसायचं नाही."

मी ओतली. मग काकूंनी आत धुण्याचा सोडा टाकला. म्हणाल्या, "आता गरम पाण्यानं काठोकाठ भर."

मी भरली. भरली म्हणून ओतली. रिकामी दिसली म्हणून परत भरली. चौथ्या वेळेला काकू आल्या.

"सोडा कुठाय?"

"खड्ड्यात."

"अरे येड्या, भरलेलं लगेच ओतायचं नसतं! दुपारभर मुरू द्यायचं. मग मळ सुटतो."

हे मी पक्कं लक्षात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी कोल्हापूरचे बोंद्रे आले. मुलगा, सून आणि गुडघे दुखणारे आजोबा. तिघांच्या आंघोळी झाल्या, भांडी झाली, टाकी भरली. मी ती मुरत ठेवली. नीट मुरावी म्हणून उन्हात ठेवली. दुपारी सूनबाई नाकाला पदर लावून खाली आल्या.

"अहो, हा वास कसला?"

"मुरतंय," मी म्हणालो. "मळ सुटेल आता."

काकू धावत आल्या. "वास आला की आधी तोंड घट्ट बंद करायचं! आणि माणसांपासून लांब न्यायचं. कळलं?"

"कळलं."

तिसऱ्या दिवशी काकूंनी पाहुण्यांसाठी सुकटीचं कालवण केलं. काय वास सुटला! मी पातेल्यावर झाकण ठेवलं, वरून सुतळीनं आवळलं आणि पातेलं खड्ड्यापाशी नेऊन ठेवलं. पाहुण्यांनी भाकरी कांद्याबरोबर खाल्ली. कालवण कुत्र्यांनी खाल्लं. सुतळी त्यांना सुटली, मला सुटली नसती.

काकू म्हणाल्या, "यापुढं कशाचंही तोंड बंद करायचं नाही! उघडं ठेवायचं!"

म्हणून त्या दिवशी मी टाकी झाकण उघडं ठेवून ओढली. वाट उताराची. वाटेच्या कडेला सूनबाईंच्या धुतलेल्या साड्या वाळत होत्या. खड्ड्यापाशी पोचलो तेव्हा टाकी रिकामी होती. मला वाटलं, बरं झालं, एक काम वाचलं.

काकू दगडावर बसल्या. मग हळू बोलल्या, "निवृत्ती, शेवटचं सांगते. आता चुकलास तर उद्याच्या एसटीनं घरी. कुठलीही वस्तू जागची हलवायच्या आधी आत जे जे असेल ते बाहेर काढायचं. जाळी असो, नळी असो. सगळं धुवायचं, उलटं करून उन्हात ठेवायचं. वाळलं की मगच हलवायचं. म्हण."

मी म्हटलं. तीनदा म्हटलं.

आणि खरं सांगतो, चौथ्या दिवशी ते जमलं. जाळी काढली, नळी काढली, टाकी धुतली, सगळं उलटं करून वाळवलं. टाकी इतकी लख्ख झाली की काकू पहिल्यांदा हसल्या. "आता कसा माणसात आलास!" मला आईचा चेहरा दिसायला लागला.

काकू पिशवी घेऊन बाजाराला निघाल्या. बोंद्रे नवराबायको धरण बघायला गेले होते. जाता जाता काकू म्हणाल्या, "कॅरव्हॅनवर ऊन येतंय. दुपारी ड्रायव्हर येऊन ती आंब्याखाली हलवणार आहे. तेवढी तयारी करून ठेव."

हलवायची म्हटल्यावर मी काय ते समजलो.

गाद्या काढल्या, धुतल्या, उलट्या केल्या. शेगडी काढली, धुतली, उलटी केली. बॅगा उघडल्या, कपड्यांसकट धुतल्या, उलट्या केल्या. साखरेचा डबा धुताना साखर जरा कमी झाली. मग कोपऱ्यातल्या खुर्चीत बोंद्रे आजोबा दिसले. डुलकी लागली होती. मी त्यांना खुर्चीसकट बाहेर आणलं आणि वर एक बादली ओतली.

आजोबा ओरडले, "अरे, माझी आंघोळ झालीय सकाळीच!"

मी हात जोडले. "आजोबा, माझ्या नोकरीचा प्रश्न आहे."

आजोबा चांगल्या मनाचे. साबण लावेपर्यंत गप्प बसले.

तेवढ्यात काकू आल्या. मागोमाग ड्रायव्हर. काकूंनी गाद्या बघितल्या, बॅगा बघितल्या. हातातली पिशवी खाली पडली.

"आजोबा कुठायत?"

मी अभिमानानं बोट दाखवलं.

"धुतले. उन्हात ठेवलेत. फक्त उलटे करायचे राहिलेत. काकू, तुम्ही पाय धरा."