सुताराची चूक

एकदा एक वृद्ध गुरुजी आपल्याच बालमंदिराच्या उंबरठ्याबाहेर, पायातल्या वहाणा हातात धरून बसले आणि काही केल्या आत येईनात. चाळीस वर्षे ज्यांनी त्या दारातून शेकडो मुलांना आत घेतले, तेच बाहेर बसलेले पाहून त्यांची शिष्या, आता तिथे मुलांना शिकवणारी, पुरती गोंधळली. खरे सांगायचे तर ती त्याआधीपासूनच गोंधळलेली होती. त्या गोंधळाची हकिगत आधी सांगितली पाहिजे.

परदेशांत लहान मुलांना कसे शिकवतात, हे पाहण्यासाठी ती वर्षभर हिंडून आली होती. गावातल्या एका व्यापाऱ्याने मोठ्या हौसेने तिला पाठवले होते. तीन देश पाहिले, तीन वह्या भरल्या. पहिल्या वहीत लिहिले होते की, मूल आपणहून येईपर्यंत त्याला हाकही मारू नये. दुसऱ्या वहीत होते की, मुलाच्या हाती लगेच काम द्यावे. झाडणे, पुसणे, शेंगा सोलणे. हात रमले की मन रमते. तिसऱ्या वहीचे म्हणणे असे की, मुलाला एकटे म्हणून ठेवूच नये, सर्वांबरोबर गायला आणि टाळ्या वाजवायला लावावे. पंचाईत अशी की तिन्ही देशांतली मुले तिला आनंदी दिसली होती. एक पद्धत खरी म्हणावी, तर उरलेल्या दोन खोट्या ठरायला हव्या होत्या, आणि त्या काही ठरत नव्हत्या. ऐकावे जनाचे, करावे मनाचे, असे आपण म्हणतो. हिने तीन देशांतल्या जनांचे ऐकले होते. मनाला विचारायचे तेवढे राहून गेले होते.

एका गोष्टीबद्दल मात्र तिला तिळमात्र शंका नव्हती. पूर्वी बालमंदिराच्या पायरीशी मुलांच्या चपलांचा ढीग पडे आणि सुटताना रोज रडारड होई. तिने पहिल्या देशात पाहिले तसे चपलांचे कपाट सुताराकडून करवून घेतले. दाराच्या आत, मुलांच्या उंचीचे, प्रत्येकाला स्वतंत्र कप्पा. मुलांना वाचता येत नाही, म्हणून कप्प्यांवर चित्रे काढली : बेडूक, पणती, भोपळा, कंगवा. मुले तेवीस, कप्पे तेवीस. रडारड थांबली, पालकांनी वाखाणले, आणि शिष्येला आपला प्रवास सार्थकी लागल्यासारखे वाटले.

अशात त्या व्यापाऱ्याची चार वर्षांची नात आजोळी राहायला आली. नाव मैना. आईवडील कामासाठी दूर परगावी गेले होते. मैना पहिल्या दिवशी उत्साहाने पायऱ्या चढली, चपला काढल्या, दारातून आत डोकावली, आणि मग चपला छातीशी धरून उंबरठ्याबाहेर बसली ती सुटेपर्यंत. दुसऱ्या दिवशीही तेच.

व्यापारी हवालदिल झाला. म्हणाला, "बाई, घरी हिची टकळी थांबत नाही, आणि इथं आली की तोंडाला कुलूप! शनिवारपर्यंत बघतो. नाहीच आत बसली तर शहरात माझ्या बहिणीकडे धाडतो. तिथली शाळा शिस्तीची आहे."

एकदा घर सुटलेली पोर पुन्हा उचलून तिसऱ्याच घरी टाकायची! शिष्या गुरुजींकडे धावली. "गुरुजी, तुम्हीच सांगा, कोणती वही उघडू?"

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, गुरुजी नेहमीप्रमाणे आले, वहाणा काढल्या, हातात घेतल्या आणि मैनेशेजारी बसले.

वय झाले की माणूस हट्टी होतो, अशी शिष्येने मनाची समजूत घातली आणि पहिली वही उघडली. बुधवारी तिने दोघांना हाक मारली नाही. दोघेही आपणहून आले नाहीत. गुरुवारी दुसरी वही निघाली. तिने मैनेपुढे छोटी केरसुणी धरली आणि गुरुजींपुढे शेंगांचे सूप. मैनेने केरसुणीकडे पाहिले, मग आपल्या हातांकडे. हात चपलांत गुंतलेले होते. गुरुजींचेही. शुक्रवारी तिने सगळा वर्गच दाराशी आणला. तेवीस मुले गात होती, टाळ्या वाजवत होती. मैनेचे ओठ किंचित हललेसुद्धा, पण टाळी काही वाजेना. आणि इकडे एवढे विद्वान गुरुजी, तेही नुसतेच बघत बसले. शिष्येला आता रडू येऊ लागले होते, आणि थोडा रागही.

शनिवार उजाडला. वह्या संपल्या होत्या. शिष्या दाराशी आली आणि काहीच न सुचून उंबरठ्यावर त्या दोघांच्या मध्ये मटकन बसली. म्हणाली, "गुरुजी, मला काही कळत नाहीये. तुम्ही आत का येत नाही?"

"वहाणा कुठे ठेवू?" गुरुजींनी विचारले.

शिष्या त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली. मग तिने मैनेकडे पाहिले. मग वळून कपाटाकडे. तेवीस कप्पे, तेवीस जोड. बेडकापासून कंगव्यापर्यंत सगळे भरलेले.

"मलाही पहिले दोन दिवस ठाऊक नव्हतं," गुरुजी म्हणाले. "तिनं धरल्या म्हणून मीही धरल्या. काल सकाळी तीच म्हणाली, आजोबा, तुमच्या पण वहाणांना घर नाही? मग आपण बाहेरचे."

"काल? मग मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू चौथी वही केली असतीस. आज विचारलंस, तर आज सांगितलं. बरं, तिकडे जे कपाट पाहिलंस, त्याचं काय लिहिलंय वहीत?"

शिष्येने पहिली वही आणून पाने उलटली. उंची लिहिली होती, लाकूड लिहिले होते, रंगही लिहिला होता. आणि त्याखाली तिच्याच सुबक अक्षरात होते : 'मुले एकोणीस, कप्पे वीस. एक जादा. सुताराची चूक असावी.' तिने ती ओळ मोठ्याने वाचली आणि वही मिटली.

गुरुजी तिच्यावर रागावले नाहीत. म्हणाले, "तुझ्या वह्या खोट्या नाहीत, पोरी. तिन्ही देश आपापल्या जागी बरोबर असतील. पण तिथं जे भरलेलं होतं, ते तू टिपलंस. जे मुद्दाम रिकामं ठेवलं होतं, ती तुला चूक वाटली, आणि इथं येऊन तू ती दुरुस्त केलीस. आपल्या जुन्या ढिगाला शिस्त नव्हती हे खरं. पण ढिगात कुणाचीही चप्पल मावत होती."

शिष्या उठली. कपाटाच्या तळाशी एक खण होता. त्यात ती आपल्या वह्या ठेवी. तिन्ही वह्या काढून तिने जमिनीवर ठेवल्या, खण पदराने पुसला आणि मैनेला विचारले, "याच्यावर कशाचं चित्र काढू गं?"

अगदी हळू आवाज आला, "बैलाचं. शिंगं पण काढा."

मैनेने चपला आत ठेवल्या, नीट जोडून. दोन पावले आत गेली, परत आली, गुरुजींच्या हातातल्या वहाणा घेतल्या आणि आपल्या चपलांवर रचल्या. तेव्हा कुठे गुरुजी उठले.

दुपारी व्यापारी आजोबा नातीच्या कपड्यांची पिशवी घेऊनच आले. पाहतात तो उंबरठा मोकळा आणि आत टाळ्यांचा गजर. मैना धावत दाराशी आली. "आजोबा, आत या ना!" त्यांनी जोडे काढले आणि तेही क्षणभर अडखळले. "अगं, हे कुठं ठेवू?" मैनेने खणात वाकून पाहिले आणि म्हणाली, "थांबा, मी सरकवते."

पिशवी तशीच घरी परत गेली.

सोमवारी शिष्येने सुताराला बोलावले आणि नव्या कपाटाला पंचवीस कप्पे सांगितले. सुतार जुना, चोख माणूस. त्याने आत डोकावून मुले मोजली आणि म्हणाला, "चोवीसच आहेत की, बाई. एक जादा होतोय. तुमची चूक झाली मोजण्यात."

"असू द्या," शिष्या म्हणाली.