नाव घेतल्याशिवाय घास नाही

नगरकडच्या एका खेड्यात हनोख नावाचा एक भोळा तरुण राहत होता. भोळा म्हणजे किती, तर दार लोटून घे म्हटलं की दार बिजागरीतून काढून बरोबर घेऊन येईल. त्याला आईबाप नव्हते. तो चर्चच्या मागच्या खोलीत राहायचा, रविवारी घंटा वाजवायचा आणि पाळकसाहेबांच्या घरी जेवायचा.

पाळकसाहेबांना एकच काळजी होती. चर्चच्या तरुण संघात दोन तट पडले होते. कशावरून? तर नाताळच्या गाण्यात पेटी पुढं पळाली की ढोलकी मागं राहिली, यावरून. पेटीवाला आशेर वरच्या आळीचा, ढोलकीवाला निकोदेम खालच्या आळीचा. निम्मी पोरं याच्या बाजूला, निम्मी त्याच्या. कुणी कुणाचं तोंड बघत नव्हतं. आणि मे महिन्यात साहेबांची बदली होती. जाण्याआधी ही पोरं एका पंगतीला जेवलेली बघायची, एवढंच त्यांच्या मनात होतं.

पाळकीणबाई, म्हणजे सलोमीबाई, व्यवहारी होत्या. त्या म्हणाल्या, "उपदेशाला कोण येतंय? जेवायला बोलवा. काय शिकवायचं ते जेवणातूनच शिकवा."

साहेबांना पटलं. दर शनिवारी संध्याकाळी जेवण ठरलं आणि दर जेवणाला एक अर्थ ठरला. वाढपी म्हणून हनोखला नेमलं, कारण तो दोन्ही आळ्यांत कुणाचाच नव्हता.

पहिल्या शनिवारचा विषय होता मीठ. साहेब म्हणाले, "हनोख, आज खिचडीत मीठ आहे हे प्रत्येकाला कळलं पाहिजे."

हनोखनं खिचडीत दोन किलो मीठ घातलं. प्रत्येकाला कळलं. दोन्ही आळ्या पहिल्यांदा एका जागी जमल्या, पण त्या नळावर.

साहेब म्हणाले, "अरे, चिमूटभर घालायचं असतं. दिसता कामा नये."

"चुकलं साहेब. ध्यानात ठेवीन."

आणि त्यानं ठेवलं. सगळा घोळ तिथंच होता.

दुसऱ्या शनिवारी शिरा होता. अर्थ होता, देणाऱ्यानं हात आखडू नये. हनोखनं प्रत्येकाच्या ताटात चिमूटभर शिरा टाकला आणि वर वाटी पालथी घातली.

"हे काय रे?" साहेबांनी विचारलं.

"चिमूटभर घातलाय. दिसत न्हाई ना?"

साहेबांनी कपाळाला हात लावला. "अरे, अन्न आग्रहानं वाढावं. माणूस लाजून नको म्हणतो. आपण वाढतच राहायचं."

"चुकलं साहेब. ध्यानात ठेवीन."

तिसरा शनिवार नेमका उपास-प्रार्थनेचा निघाला. आपला घास दुसऱ्याला द्यावा, हा अर्थ. सगळ्यांनी उपाशी राहायचं आणि टोपलीभर चपात्या न् बटाट्याची भाजी दवाखान्यातल्या रोग्यांना न्यायची. हनोख टोपली घेऊन प्रार्थनेला बसलेल्यांच्या रांगेत शिरला. पोरं म्हणाली, नको. त्यानं वाढलं. साठ वर्षांत एकही उपास न मोडलेल्या मार्थाआजींनी नको म्हणून हात आडवा धरला. त्यानं हातावरच भाजी वाढली. पोरांनीही फार ताणून धरलं नाही. दवाखान्यात रिकामी टोपली गेली.

या खेपेला साहेब चिडले. "अरे, घास म्हणजे काय कोंबायची वस्तू आहे? ज्याच्याकडून अन्न मिळतं त्याचं आधी नाव घ्यावं. नाव घेतल्याशिवाय कुणाच्या तोंडात घास जाऊ द्यायचा नाही."

"कुणाच्याच न्हाई?"

"कुणाच्याच नाही."

"तुमच्याबी?"

"माझ्या तर मुळीच नाही."

साहेब देवाबद्दल बोलत होते. हनोखनं नाव घेणं पाहिलं होतं ते लग्नात. नवरी लाजते, उखाणा म्हणते, नवऱ्याचं नाव घेते आणि मग तिला घास मिळतो. त्यानं ते नीट ध्यानात ठेवलं.

शेवटच्या शनिवारी प्रीतिभोजन होतं. साहेबांनी युक्ती केली होती. भाकरी वरच्या आळीनं आणायच्या, मटणाचा रस्सा खालच्या आळीनं. एकावाचून दुसऱ्याचं ताट अपुरं, हा अर्थ. मटण म्हटल्यावर झाडून सगळे आले आणि एकमेकांकडे पाठ करून दोन रांगांत बसले. साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी कशीबशी प्रार्थना केली. सगळे आमेन म्हणाले.

आशेरनं घास उचलला. हनोखनं त्याचं मनगट धरलं.

"रस्सा कुणाचा?"

"निकोदेमच्या घरचा. का?"

"मग नाव घे त्याचं. उखाण्यात."

"माझं डोकं फिरलंय का?"

"नाव न्हाई तर घास न्हाई. साहेबांनी सांगितलंय."

रस्सा निवत चालला होता. आशेरनं एकदा रश्श्याकडे बघितलं, एकदा निकोदेमच्या पाठीकडे. मग डोळे बारीक करून म्हणाला,

"भाकरीसंगं वाढला लाल लाल रस्सा,
निकोदेमरावांची ढोलकी म्हणजे बसलेला घसा."

निकोदेम वळला. हनोख त्याच्यापुढं जाऊन उभा राहिला. "भाकर कुणाची?"

"आशेरच्या आईनं थापलेली," निकोदेम दात चावत म्हणाला. "आणि मला काय येत नाही होय?

जोंधळ्याची भाकर फुगली टम्म,
आशेररावांच्या पेटीला दोनच सूर, भों आणि ढम्म."

आधी मार्थाआजी हसल्या. मग पोरी हसल्या. मग आशेरला इतकं हसू आलं की रस्सा नाकात गेला आणि निकोदेम उठून त्याची पाठ थापटायला लागला. थापटता थापटता त्याला ठेका सापडला. पोरांनी ताटं सरकवली आणि दोन रांगांची एक पंगत झाली. आशेरनं आपली भाकर मोडली आणि अर्धी निकोदेमच्या ताटात ठेवली.

साहेबांचे डोळे भरून आले. जाण्याआधी एवढंच तर त्यांना बघायचं होतं. त्यांनी हनोखला जवळ घेतलं आणि म्हणाले, "लेका, मला जमलं नाही ते तू केलंस. बस आता, माझ्या शेजारी जेव."

हनोख बसला. ताट पुढं ओढलं. मग थबकला. त्यानं बराच विचार केला. रोज आपल्याला कुणाकडून मिळतं? कान लाल झाले. त्यानं मान खाली घातली, गळ्यातला रुमाल डोक्यावरून घेतला आणि भरल्या पंगतीत म्हणाला,

"चुलीवरचा भात कसा मऊ मऊ,
सलोमीबाईंचं नाव घेतो, आता मी जेवू?"

सलोमीबाईंनी पदर तोंडात कोंबला. साहेबांचा घास तोंडाजवळ गेला होता, तो तिथंच राहिला.

हनोखनं त्यांचं मनगट धरलं.

"थांबा साहेब. बाईंचं नाव तर मी घेऊन बसलो. तुम्ही आता दुसरी कुणी बघा."