शकूच्या फोटोसाठी रोल

“पण मास्तर, अंगणात कडक ऊन, स्वयंपाकघरात ट्यूब, देवापाशी पिवळा बल्ब. तिन्हीकडे चालेल असा कलर रोल कुठला?”

निनाद सकाळपासून हेच विचारत होता. हुद्दार मास्तर ओट्यावर चहा पीत बसले होते. फोटो काढायला तो त्यांच्याकडेच शिकला, आणि आता गल्लीत कुणीही फोटो दाखवला की आधी त्यातली चूक सांगतो.

मी शेजारची. विरजण मागायला गेले होते. वाटी भरली, तरी पाय निघेना.

निघणार कसा? शकूला, म्हणजे त्याच्या आईला, उद्या मिरजेच्या दवाखान्यात दाखल करायचं होतं. औषध सुरू झालं की केस जातील, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. आणि शकूची वेणी अजून कमरेखाली येते.

तिचं एकच म्हणणं होतं. “नटवू नकोस रे. रोज घरात असते, तशी काढ. आजच काढ.”

निनाद येरझारा घालत होता.

“शंभर स्पीडचा रोल भरला तर स्वयंपाकघर काळं येईल. चारशेचा भरला तर उन्हात रंग फिके पडतील. आणि ट्यूबखाली आईचा चेहरा हिरवट दिसेल!”

“दिसेल,” मास्तर म्हणाले.

“मग?”

मास्तरांनी उरलेला चहा बशीत ओतला.

...

त्याने शकूला अंगणात बसवलं. ढग आला. आत चुलीपाशी नेलं. ट्यूब लावली, विझवली. पुन्हा बाहेर आणलं. रोलची खोकी उघडेना, नुसती उलटसुलट करी.

मला राहवेना. “अरे, न्हाऊन बसली होती ती. केस वाळले, वेणी झाली, तुझं अजून ठरेना!”

“काकू, तुम्हाला यातलं कळत नाही.”

“नाही कळत बाबा. ऊन सरकलेलं तेवढं कळतं.”

मास्तरांनी बशी खाली ठेवली. हात पुढे केला.

“कॅमेरा दे.”

ते शकूसमोर जाऊन उभे राहिले.

“काय वहिनी, लग्नातसुद्धा एवढं ताटकळवलं नव्हतं ना?”

“छे हो भावजी! तेव्हा नवरा तरी वेळेवर आला होता!”

आणि शकू हसली. आठवडाभर आवळून धरलेला चेहरा एकदम सैल झाला. वेणी खांद्यावरून पुढे आली.

खटक्.

“मास्तर! आत रोलच नाहीये!”

“माहीत आहे.”

“मग दाबलंत कशाला?”

“कशी हसली?”

...

निनादने आईकडे पाहिलं. मग हातातल्या खोक्यांकडे.

“मी... हे वाचत होतो.”

शकूला आपलाच विनोद पुन्हा आठवला असावा. पदर तोंडाला लावून ती माझ्याकडे बघून हसायलाच लागली. तिचं बघून मीही.

मास्तरांनी कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं आणि कॅमेरा त्याच्या हातात दिला.

निनादने खोकी पुढे केली. “पण मास्तर... भरू कुठला?”

“तिचं हसू थांबलं, की विचार.”