पारखीबुवांची उघडी पोथी

फार जुनी गोष्ट आहे. कोणत्या राजाच्या काळातली, हे आज त्या राजालाही सांगता येणार नाही. एका गडाच्या पायथ्याशी विणकरांचं एक गाव होतं. गावाच्या मधोमध लांबलचक पडवी होती आणि तिच्यात वीस माग ओळीने मांडलेले होते. दिवसभर तिथे खटखट आणि बडबड दोन्ही चालायची. त्यांतलं जास्त काय, हे ठरवणं कठीण.

या गावातलं वस्त्र तपासल्याशिवाय वेशीबाहेर जात नसे. तपासायचं काम पारखीबुवांकडे होतं. हजार धाग्यांत एक धागा चुकला, तरी तो बुवांच्या डोळ्यांत सलायचा. माणूस सज्जन, पण रीतीचा भारी पक्का.

आता ती रीत कशी होती, ते ऐका. बुवांचं घर तळ्याकाठी, गावापासून चांगलंच लांब. बोलावणं आलं की बुवा आधी आंघोळ करत, मग पागोटं बांधत, मग पेटी उघडून तीन फडक्यांत गुंडाळलेली नियमांची पोथी बाहेर काढत. पोथी डोक्यावर घेऊन सावकाश पडवीत येत, पाटावर बसत आणि साठच्या साठ नियम मोठ्याने वाचत. एखादा विसरला तर पारख कसली? बोलावणं धाडल्यापासून बुवा उठेपर्यंत त्या मागावरचा धोटा हलवायचा नाही, म्हणजे विणकाम बंद, असा दंडक होता. वाचन संपलं की बुवा वस्त्रावर एक नजर टाकत आणि म्हणत, "बरं आहे," किंवा "चुकलं." त्या नजरेला पापणी लवण्याएवढा वेळ लागे. लगेच पोथी पुन्हा फडक्यांत, फडकी पेटीत आणि बुवा घरी. शेजारच्या मागावरून तेवढ्यात कोणी हाक मारली, तर पुन्हा आंघोळीपासून सुरुवात!

नाकापेक्षा मोती जड म्हणतात, ते हेच. एका नजरेसाठी अर्धा दिवस जायचा. म्हणून सगळे विणकर वस्त्र पुरं झाल्यावरच, फार तर बरंचसं झाल्यावर, बुवांना बोलवत. चूक निघाली, तर उकलत बसत आणि कपाळाला हात लावत.

याच पडवीत येसू नावाची विणकरीण होती. हात चपळ, जीभ त्याहून चपळ. तिचा माग तिच्या आईचा होता. त्याच मागाच्या खांबाला धरून ती लहानपणी उभं राहायला शिकली होती. गावचा कायदा असा, की ज्याचं ठरलेलं वस्त्र लागोपाठ दोनदा वेळेवर होत नाही, त्याने माग सोडायचा आणि आयुष्यभर दुसऱ्यांसाठी सूत गुंडाळायचं. येसूचं मागचं वस्त्र आधीच उशिरा झालं होतं. आणि आता तिच्याकडे आलं होतं गडावरच्या देवीचं महावस्त्र. सोळा हात लांब, चैत्री पुनवेला देवीच्या अंगावर चढायचं.

दहा हात विणून झाल्यावर येसूच्या मनात पाल चुकचुकली. तिने बुवांना बोलावलं. आंघोळ झाली, पागोटं झालं, साठ नियम झाले. बुवांनी नजर टाकली.

"चुकलं," बुवा म्हणाले. "तिसऱ्या हातावर काठाचा एक धागा खाली जायच्या जागी वर आलाय. तिथून पुढं सगळं सरकलं बघ."

येसूने बोटांवर हिशेब केला. आठ हात उकलायला तीन दिवस. चौदा हात नव्याने विणायला चौदा दिवस. पुनवेला उरले होते वीस दिवस. म्हणजे हाताशी अवघे तीन दिवस जास्तीचे. अशीच आणखी एक चूक शेवटी सापडली, तर आईचा माग गेला. पण रडून धागा जुळत नाही, हे तिला ठाऊक होतं.

बुवा पोथी गुंडाळायला लागले, तशी तिने फडक्यावर हात ठेवला.

"बुवा, एक इचारू? रागावणार न्हाई न्हवं?"

"रागवायचं की नाही, ते ऐकल्यावर ठरवीन."

"तुमच्या घरी काकी भाकऱ्या करतात. एक भाकरी झाली की चूल इझवतात का? आन् दुसऱ्या भाकरीला पुन्हा गारगोट्या घासत बसतात?"

"तुझ्या काकीला काय खुळी समजलीस? चूल एकदा पेटली की दहा भाकऱ्या होतात."

"मग बुवा, तुमी का हो दर हाकेला इझताय? पोथी उघडलीय, साठ नियम वाचून झालेत. आता घरी जाऊ नका. हितंच बसा. मी वीतभर इणलं की हाक मारीन, तुमी नजर टाका. नियम काय तेवढ्यात पळून जातायत?"

आजूबाजूच्या एकोणीस मागांची खटखट एकदम थांबली. बुवांशी असं कोणी बोललं नव्हतं. बुवांचं पागोटं थरथरलं.

"पण रीत..." बुवा म्हणाले.

"रीत कशापायी हाय? नियम इसरू नये म्हणून. तुमी इसरला का?"

बुवांनी विचार केला. साठही नियम डोक्यात लख्ख होते.

"दुपारी ताक आन् धपाटी माझ्याकडनं," येसू हळूच म्हणाली.

धपाट्यांमुळे की युक्तिवादामुळे, ते बुवाच जाणोत. पण बुवा बसले.

मग काय विचारता! धागे उकलून झाल्यावर येसूने वीतभर विणलं आणि म्हणाली, "बुवा!" बुवा तीन पावलं चालून आले, नजर टाकली, म्हणाले, "बरं आहे." पुन्हा वीतभर, पुन्हा "बुवा!" एकदा ते म्हणाले, "चुकलं, आत्ताचाच धागा." येसूने तो एक धागा मागे घेतला आणि गाडी पुढे चालू. पूर्वी त्याच चुकीला आठवडा गेला असता.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या विणकराने भीत भीत हाक मारली. तिसऱ्या दिवशी सगळी पडवीच हाका मारू लागली. बुवा मध्ये पाटावर बसलेले, समोर पोथी उघडी. ते मान डोलावत या मागावरून त्या मागावर फिरत होते आणि प्रत्येक मागावर त्यांच्यासाठी काही ना काही खाऊ ठेवलेला होता. बुवांचं पोट सुटायला लागलं, पण तक्रार कोणाचीच नव्हती.

असे बारा हात झाले. मग येसूने पदर विणायला घेतला. पदरावर मोर काढायचे, असा नियमच होता. दोन दिवसांत दोन हात पदर झाला आणि प्रत्येक वितीला बुवा म्हणाले, "बरं आहे."

त्या दिवशी दुपारी काकी बुवांना बघायला पडवीत आल्या. महावस्त्राकडे बघून त्या थबकल्या.

"अगं बाई, मोर? अहो, गडावरनं परवा सांडणीस्वार नवा नियम देऊन गेला ना? औंदा पदरावर कमळं काढायची म्हणून?"

"कसला नियम? मला कोण बोललं?" बुवा म्हणाले.

"बोलायचं काय त्यात? नवा कागद आला की मी पेटीत ठेवते, तुम्ही पेटी उघडली की वाचता. इतकी वर्षं असंच चाललंय की! आता पोथी इथंच उघडी, म्हणून तुम्ही पेटीकडं फिरकतच नाही."

बुवांचा चेहरा उतरला. त्यांच्या डोक्यात लख्ख होते ते नियम शिळे झाले होते. दर वेळी पेटी उघडायचे, तेव्हा हे कधी घडलं नव्हतं.

येसूच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने बोटं मोजली. दोन हात उकलायला एक दिवस, पुन्हा विणायला दोन. जास्तीचे तीनही दिवस गेले. आता एक वीतही चुकून चालणार नव्हतं.

"पोरी, ही चूक तुझी नव्हे, माझी," बुवा म्हणाले. आणि ज्यांनी आजवर धाग्याला नुसती नजर लावली होती, ते बुवा पागोटं काढून तिच्या शेजारी धागे उकलायला बसले. बोटांत गुंते झाले. येसू रडता रडता हसायला लागली.

"बुवा, तो धागा सोडा. त्यो माझ्या लुगड्याचा हाय!"

तेव्हापासून बुवांनी नवी रीत घातली. रोज पहाटे, विणकर यायच्या आधी, पेटी उघडायची, नवा कागद आला असेल तर पोथीत लावायचा आणि सगळे नियम पहिल्यापासून वाचायचे. एकदा वाचले की संध्याकाळपर्यंत पोथी उघडी ठेवून जागेवर हजर राहायचं.

पुनवेच्या आदल्या संध्याकाळी सोळावा हात पुरा झाला. गडावरची पालखी वस्त्र न्यायला दारात उभी होती. सगळं गाव जमलं. बुवांनी सोळा हातांवरून नजर फिरवली.

"बरं आहे," बुवा म्हणाले.

पालखी गडाकडे निघाली. आईचा माग येसूचाच राहिला. त्या वर्षी गावातलं एकही वस्त्र शेवटी उकलावं लागलं नाही. येसू बुवांच्या पाया पडायला गेली, तर बुवांनी तिला मध्येच धरलं.

"पाया कसली पडतेस? चाळीस वर्षं मी लोकांना त्यांच्या चुका दाखवत आलो. सगळ्या खऱ्या होत्या, पण एकही वेळेवर दाखवली नाही. तू मला वेळेवर पोचायला शिकवलंस, पोरी."

मग कोणीतरी पलीकडून "बुवा!" अशी हाक मारली आणि ते लगबगीने तिकडे गेले.

तात्पर्य: तयारी एकदा करून दिवसभर जागती ठेवावी आणि रोज नव्याने तपासावी, म्हणजे चूक एका धाग्याएवढी असतानाच सापडते.