पाइपाला कोण विचारतं?

बरं का, गोदामाच्या आगीपासून बंबावरच्या आमच्या हणमंताची झोपच उडाली होती. मनाच्या डॉक्टर रेवतीबाई जवानांशी बोलायला फायर ब्रिगेडमध्ये आल्या, तर तिथले मुख्य घोरपडेसाहेब सगळ्यांदेखत गरजले, "माझी माणसं वाघ आहेत! कुणाला त्रास असेल तर हात वर करा."

भित्रा म्हणवून कोण घेणार? हणमंतानंही मान खाली घातली.

"बघितलंत? निघा आता, बाई."

बाईंनी वाळत टांगलेल्या पाण्याच्या पाइपांकडे बोट केलं. "साहेब, आगीवरून आल्यावर यांना विचारता का, त्रास होतोय का म्हणून?"

"पाइपाला काय विचारायचं? सगळेच धुऊन वाळवतो. नाहीतर आतून कुजतात."

"मग माणसांनाही विचारू नका. एकेक करून सगळ्यांनाच माझ्याकडे पाठवा. आणि पहिले तुम्ही या."

पोरं फिसकन हसली, मग साहेबही हसले. टोपी काढून ते बाईंबरोबर आतल्या खोलीत गेले. आता हणमंताला जायला कसली लाज?